कोऱ्या रकान्याचा इतिहास

एकच मजकूर अनेकांना धाडावयाचा असेल, तर त्यातील न बदलणारा भाग एकदाच सिद्ध करून ठेवावा आणि बदलणाऱ्या भागासाठी मोकळ्या जागा सोडाव्यात, ही तजवीज कारकुनी व्यवहाराइतकीच जुनी आहे. छापील नमुने, दाखले, पावत्या, समन्स या सर्वांचा जन्म तिच्यातूनच झाला. आणि भरावयाच्या जागी भरण्याजोगे काही हाताशी नसेल तर काय करावे, हा प्रश्नही तिच्याबरोबरच जन्मास आला असला पाहिजे. आपल्या सरकारी दफ्तरांत या प्रश्नाचे उत्तर शिरस्त्याने ठरून गेले आहे. विवरणपत्रात कळविण्याजोगे काही नसेल तर जाणता कारकून रकाना कोरा सोडीत नाही, तो तेथे ‘निरंक’ असे लिहितो. कारण कोऱ्या रकान्यावरून काही नव्हते हे सिद्ध होत नाही, लिहिणाऱ्याने काही लिहिले नाही एवढेच सिद्ध होते.

वेबपृष्ठे रचणाऱ्यांच्या व्यवसायात अशा नमुन्याला टेम्प्लेट म्हणतात. टेम्प्लेट म्हणजे पृष्ठाचा स्थिर साचा आणि त्यात ठिकठिकाणी केलेल्या खुणा. सर्व्हरवर किंवा ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्राम या खुणांच्या जागी एखाद्या ऑब्जेक्टचे गुणधर्म, म्हणजे ग्राहकाचे नाव, त्याचे गाव, पुस्तकाची किंमत, छायाचित्राचा पत्ता, आणून भरतो आणि पुरे झालेले पृष्ठ वाचकापुढे ठेवतो. ऑब्जेक्ट परिपूर्ण असेल तोवर हे काम केवळ यांत्रिक आहे. परंतु एखाद्या ग्राहकाने गाव कळविलेलेच नसते, एखाद्या पुस्तकाची किंमत अद्याप ठरलेली नसते, एखाद्या लेखकाचे छायाचित्र कधी काढलेलेच नसते. अशा वेळी साच्याने काम थांबवावे, उणीव बोलून दाखवावी की मौन धरावे, याविषयी गेल्या तीस वर्षांत जे रिवाज पडले, मोडले आणि नव्याने बांधले गेले, त्यांचा इतिहास उपेक्षेत राहिला आहे. तो पाहू गेल्यास एक गोष्ट स्पष्ट होते: अभावाचा अर्थ ज्याला ठाऊक, त्यानेच त्याचा निकाल लावावा हे न्याय्य असताना, साखळीतील सर्वांत शेवटच्या आणि सर्वांत कमी जाणणाऱ्या घटकावर, म्हणजे साच्यावर, हा भार दीर्घकाळ टाकला गेला, आणि या व्यवसायाने जी खरी प्रगती केली, ती हा भार हळूहळू माहितीच्या उगमाकडे परत नेण्याची होय.

या कथेचा आरंभ वेबच्या फार आधी, १९६५ साली होतो. टोनी होअर हे ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ त्या सुमारास निकलाउस विर्थ यांच्यासमवेत अल्गोल डब्ल्यू या भाषेची रचना करीत होते. एका नोंदीतून दुसरीकडे बोट दाखविणारा प्रत्येक निर्देश सर्वस्वी सुरक्षित असावा आणि त्याची तपासणी कंपायलरनेच करावी, असा त्यांचा हेतू होता. परंतु कोठेच बोट न दाखविणारा असा ‘नल’ नावाचा निर्देश अमलात आणणे इतके सुलभ होते की, तो भाषेत दाखल करण्याचा मोह त्यांना आवरला नाही. ही कबुली त्यांनी स्वतःच २००९ साली लंडन येथील क्यूकॉन परिषदेत दिली आणि त्या निर्णयाला आपली अब्ज डॉलरची चूक असे नाव दिले. चुकीचे मर्म असे की, ज्या निर्देशावर ‘येथे ग्राहक आहे’ अशी पाटी लावलेली असते, तेथे ग्राहक असेल किंवा कोणीच नसेल, आणि पाटी वाचणाऱ्याला यांपैकी काय खरे हे कळण्याचा मार्ग उरत नाही. पुढे आलेल्या बहुतेक प्रमुख भाषांनी हा वारसा निमूटपणे पत्करला.

दुसरा उगम विदासंचयांचा. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणारे एडगर कॉड यांनी १९७० साली तक्त्यांच्या रूपाने माहिती साठविण्याचा रिलेशनल सिद्धांत मांडला, आणि १९७९ च्या निबंधात, तक्त्यातील अज्ञात मूल्य दर्शविण्यासाठी नल ही खूण व तिच्यासाठी सत्य, असत्य आणि अज्ञात अशा तीन पदांचे तर्कशास्त्र यांचा विचार केला. १९८५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या नियमावलीतील तिसरा नियम या खुणेच्या पद्धतशीर व्यवस्थेविषयीच आहे. एसक्यूएल भाषेत दोन नल परस्परांशी समान आहेत काय असे विचारले असता होकारही मिळत नाही आणि नकारही मिळत नाही, तो याच तर्कशास्त्राचा परिणाम. परंतु कॉड यांना स्वतःलाच एक खूण अपुरी वाटू लागली, आणि १९९० च्या ग्रंथात त्यांनी दोन खुणा सुचविल्या: मूल्य लागू आहे पण हाती नाही यासाठी एक, आणि मूल्य मुळात लागूच नाही यासाठी दुसरी. अविवाहित माणसाच्या जोडीदाराचे नाव आणि विवाहिताने न कळविलेले जोडीदाराचे नाव, या दोन गोष्टी एकाच कोऱ्या जागेने दाखविणे म्हणजे ज्ञानाचा नाश करणे होय, हे त्यांनी ओळखले होते. विदासंचय बांधणाऱ्या कंपन्यांनी मात्र ही सूचना स्वीकारली नाही, एकच नल रूढ राहिला, आणि वेबपृष्ठाच्या साच्यापर्यंत जे ऑब्जेक्ट पोहोचले ते या एकाच अबोल खुणेने भरलेले पोहोचले.

आपल्याकडील दर्शनकारांना हा विषय अपरिचित नव्हता, हे येथे स्मरणे योग्य ठरेल. कणादांच्या मूळ सहा पदार्थांत उत्तरकालीन वैशेषिकांनी अभाव हा सातवा पदार्थ जोडला आणि त्याचे भेदही निश्चित केले. जे अद्याप उत्पन्न झालेले नाही त्याचा प्रागभाव, जे होते पण नष्ट झाले त्याचा प्रध्वंसाभाव, जे तेथे कधीच नसते त्याचा अत्यंताभाव, आणि एक वस्तू दुसरी नसणे हा अन्योन्याभाव. संगणकाच्या कारागिरांनी हे ग्रंथ वाचले होते असा दावा कोणी करणार नाही. पण त्यांच्यापुढे उभे राहिलेले पेच या वर्गीकरणाने जितके उजळतात तितके अन्य कशाने उजळत नाहीत. सर्व्हरकडून अजून न आलेली माहिती, पुसून टाकलेली माहिती आणि कधी नसणारी माहिती यांचा एकच निकाल लावू पाहणे, हाच पुढील बहुतेक अनर्थांचा उगम आहे.

वेबच्या पहिल्या काळात, म्हणजे १९९३ नंतरच्या दोनचार वर्षांत, साचा आणि प्रोग्राम हे वेगळे नव्हतेच. पर्ल भाषेतील प्रोग्राम एचटीएमएलचा मजकूर ओळीमागून ओळ छापीत असे, आणि त्यात एखाद्या चलाला मूल्य नसले तर पर्ल त्याच्या जागी काहीही न छापता पुढे जाई. इशारे चालू ठेवण्याची मुभा प्रोग्रामरला होती, सक्ती नव्हती. १९९५ च्या जूनमध्ये रासमुस लेरडॉर्फ यांनी पीएचपीची साधने लोकांपुढे ठेवली, आणि पृष्ठातच आज्ञा पेरण्याची पद्धत सर्वत्र पसरली. पीएचपीत नसलेल्या चलाचा उल्लेख झाला तर केवळ एक सौम्य सूचना निघे, आणि मूळ मांडणीत अशा सूचना दडवून ठेवलेल्या असत. जेथे त्या दडवलेल्या नसत, तेथे त्या वाचकाच्या पृष्ठावर मजकुराच्या मधोमध उमटत. म्हणजे एका टोकाला पूर्ण मौन आणि दुसऱ्या टोकाला घरातील उणीव भररस्त्यात सांगणे, असे दोनच पर्याय उरत. या सौम्यपणाचा फेरविचार होण्यास पंचवीस वर्षे लागली: २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या पीएचपी ८.० ने नसलेल्या चलाविषयीची सूचना इशाऱ्याच्या पायरीवर चढविली.

त्याच १९९५ साली, नेटस्केप कंपनीत, ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत पुरा केला. या भाषेत अभावाची दोन रूपे आली. ऑब्जेक्टवर नसलेला गुणधर्म मागितला तर ‘अनडिफाइन्ड’ मिळते, आणि कोणी जाणूनबुजून रिक्तता नोंदविली तर ‘नल’ असते. तत्त्वतः हा भेद मोलाचा होता. पण त्याचा वापर कसा करावा याचा दंडक नसल्यामुळे दोन्ही रूपे सरमिसळीने वापरली गेली. याहून गंभीर परिणाम गुणधर्माच्या आतील गुणधर्म पायरीपायरीने वाचण्याच्या नियमाचा झाला. ग्राहकाचा पत्ता नसेल तर पहिली पायरी निर्विघ्न पार पडते आणि ‘अनडिफाइन्ड’ हाती येते. पण त्या नसलेल्या पत्त्यातील गाव मागताच प्रोग्राम जागच्या जागी कोसळतो. अनडिफाइन्डचा गुणधर्म वाचता येत नाही, हा जो त्रुटिसंदेश जगभरच्या प्रोग्रामरांच्या नित्य परिचयाचा आहे, तो येथून आला. अपराध पहिल्या पायरीवर घडतो आणि शिक्षा दुसऱ्या पायरीवर होते, म्हणून मूळ कारण शोधणे अवघड होऊन बसते.

साचा हा प्रोग्रामपासून अलग करून त्याला स्वतःची छोटी भाषा द्यावी, हा विचार एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर जावा भाषेच्या इलाख्यात जोर धरू लागला, आणि अभावाविषयीच्या तीन स्वतंत्र मतांची मांडणी तेथेच झाली. म्हणून या कालखंडापाशी थोडे थांबले पाहिजे. १९९९ साली आलेल्या जेएसपी पृष्ठांत, रिक्त मूल्य थेट छापावयास सांगितले तर ‘नल’ हा शब्दच अक्षरशः छापला जाई, आणि ग्राहकाच्या स्वागताच्या ओळीत त्याच्या नावाच्या जागी हा परका शब्द झळके. २००३ च्या जेएसपी २.० मध्ये जी अभिव्यक्तिभाषा समाविष्ट झाली, तिने हा प्रकार बंद करून रिक्ताच्या जागी रिक्त मजकूर ठेवला. हे पहिले मत, मौनाचे.

दुसरे मत अपाचे संस्थेच्या छत्राखाली वाढलेल्या व्हेलॉसिटीचे. या व्यवस्थेत डॉलरचिन्हाने सुरू होणाऱ्या खुणेला मूल्य सापडले नाही तर ती खूण जशीच्या तशी पृष्ठावर छापली जाते; साच्याच्या लेखकाला मौन हवे असेल तर त्याने डॉलरचिन्हापुढे उद्गारचिन्ह घालून ते स्पष्टपणे मागावे. या रचनेत शहाणपण होते. उणीव लपत नाही, तिचे नावही कळते, आणि मौन हवेच असेल तर ते निष्काळजीपणाने पडत नाही, हेतुपुरस्सर धरले जाते. दोष एवढाच की, चाचणीतून निसटलेली उणीव वाचकापुढे चमत्कारिक चिन्हांच्या रूपाने येते, आणि त्याला त्यातून काहीच बोध होत नाही.

तिसरे मत फ्रीमार्करचे, आणि ते सर्वांत कठोर. या व्यवस्थेने नसलेल्या चलाचा उल्लेख हा त्रुटी मानून साच्याची अंमलबजावणीच थांबविण्याचा नियम केला. उदार वर्तनाची ज्यांना सवय होती त्यांच्यासाठी जुन्या पद्धतीशी जुळवून घेणारी एक सवलत तेवढी ठेवली. साच्याच्या लेखकाने जेथे अभाव संभवतो तेथे उद्गारचिन्ह लावून पर्यायी मूल्य सांगावे, किंवा दोन प्रश्नचिन्हांनी आधी अस्तित्वाची चौकशी करावी, अशी तरतूद तिने केली. या कठोरपणाविषयी तक्रारी इतक्या झाल्या असाव्यात की, फ्रीमार्करच्या अधिकृत दस्तऐवजात ही व्यवस्था अभावाबाबत एवढी चोखंदळ का, या प्रश्नालाच स्वतंत्र उत्तर दिलेले आढळते. त्यातील मुख्य युक्तिवाद निर्विवाद आहे: गुणधर्माच्या नावात एका अक्षराची चूक झाली तरी उदार साचा ती चूक आणि खरा अभाव यांत भेद करू शकत नाही, आणि दोहोंनाही सारख्याच शांतपणे गिळून टाकतो. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठातील टेरेन्स पार यांनी आपल्या स्ट्रिंगटेम्प्लेटमध्ये नेमका हाच भेद अमलात आणला: साच्याने आरंभी जाहीर केलेल्या पण मूल्य न मिळालेल्या नावाच्या जागी काहीच छापू नये, पण जाहीरच न केलेल्या नावाचा उल्लेख हा दोष धरावा. मूल्य नसणे आणि नावच नसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तत्त्व येथे साच्याच्या भाषेत प्रथमच एवढ्या स्वच्छपणे उतरले, असे मला वाटते.

यानंतरच्या दशकात लोकप्रियतेचे पारडे मात्र मौनाकडे झुकले, आणि त्याची कारणे समजून घेण्याजोगी आहेत. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्राच्या वेब विभागात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी जी चौकट घडविली, ती जँगो या नावाने २००५ च्या जुलैमध्ये सर्वांना खुली झाली. तिची साचाभाषा प्रोग्रामरांपेक्षा पृष्ठाची मांडणी करणाऱ्यांसाठी होती. जेथे बातमी ठरल्या वेळी लोकांपुढे जाणे हाच धर्म, तेथे एका चौकटीतील उपशीर्षक नाही म्हणून सबंध पान अडवून धरणे कोणालाही पटले नसते. म्हणून जँगोच्या साच्यात न सापडलेल्या चलाच्या जागी रिक्त मजकूर येतो. त्या जागी दुसरा एखादा मजकूर छापण्याची सोय आहे, पण ती केवळ दोष शोधताना वापरावी असे तिचेच दस्तऐवज बजावते, कारण जँगोच्या स्वतःच्या व्यवस्थापन पृष्ठांचे साचेही या मौनावर विसंबून आहेत. मौनाचा हा स्वभाव ध्यानात ठेवण्यासारखा आहे: ते एकदा रूढ झाले की त्याच्यावर इतरांची घरे उभी राहतात, आणि मग ते मोडणे दुष्कर होते.

उदार वर्तनाने केवळ उणीव झाकली जाते असे नाही, कधी असत्यही उत्पन्न होते, आणि हा धोका अधिक भयंकर आहे. रूबी भाषेच्या जुन्या आवृत्त्यांत ‘निल’ या अभाववाचक ऑब्जेक्टचा अंतर्गत ओळखक्रमांक ४ असे. रेल्स चौकटीत प्रत्येक नोंदीचाही क्रमांक त्याच नावाने मागितला जाई. त्यामुळे जेथे नोंद सापडलीच नाही तेथे तिचा क्रमांक विचारला तर उत्तर ४ असे येई, आणि पृष्ठ मोठ्या विश्वासाने चौथ्या क्रमांकाच्या, सर्वस्वी असंबद्ध नोंदीकडे निर्देश करी. रेल्सच्या कर्त्यांना यासाठी खास इशारा योजावा लागला, ज्यात निलचा क्रमांक मागितला गेला आहे आणि तो चुकून ४ धरला गेला असता, असे स्पष्ट सांगितलेले असे. अशीच गत २००९ साली ख्रिस वॉन्स्ट्रॅथ यांनी प्रसिद्ध केलेल्या मस्टॅश या साचाभाषेची. तर्कविहीन साचा हे तिचे ब्रीद. तीत न सापडलेले मूल्य रिक्त ठरते, आणि ऑब्जेक्ट नसेल तर त्याचा सबंध विभाग गळून पडतो. हे सौंदर्य खरे. परंतु एखादे नाव आतील ऑब्जेक्टवर नसेल तर मस्टॅश ते बाहेरील ऑब्जेक्टवर शोधू लागते. पुस्तकांच्या यादीतील एका पुस्तकाला नाव नसेल आणि ज्या दुकानाची ती यादी आहे त्याला नाव असेल, तर पुस्तकाच्या जागी दुकानाचे नाव छापले जाईल आणि कोणाच्याही ध्यानात येणार नाही. येहुदा कॅट्झ यांच्या हँडलबार्सने हा बाहेर शोधण्याचा रिवाज मूळ वर्तनातून वगळला आणि तो ज्याला हवा त्याने मागून घ्यावा असे केले. शिवाय नसलेल्या गुणधर्मावर त्रुटी उठविणारी कडक शिस्तही पर्याय म्हणून दिली.

आर्मिन रोनाखर यांच्या जिंजा २ या साचाभाषेने, २००८ पासून, या वादात एक वेगळीच वाट काढली. तिने अभावालाच एक ऑब्जेक्ट केले, आणि त्याचे निरनिराळे स्वभाव निवडण्याची मुभा दिली. मूळ स्वभावाचा अभाव छापला तर रिक्त छापला जातो, त्याची यादी चाळली तर ती रिकामी निघते, पण त्याच्यावर पुढचा गुणधर्म मागितला तर त्रुटी होते. कठोर स्वभावाचा अभाव नुसता छापू गेल्यासही हरकत घेतो. दोष शोधण्यासाठी नेमलेला अभाव आपले नाव पृष्ठावर लिहून ठेवतो. या निवडीचे महत्त्व पुढे एका अनपेक्षित क्षेत्रात प्रकट झाले. २०१२ साली मायकेल डिहान यांनी आणलेले अॅन्सिबल हे साधन सर्व्हरांची विन्यासपत्रे याच जिंजाच्या साच्यांतून तयार करू लागले, आणि तेथे न सापडलेला चल ही त्रुटी धरली जाते. वेबपृष्ठावर रिक्त राहिलेली जागा वाचकाच्या डोळ्यांना खुपेल एवढेच. पण सर्व्हरच्या विन्यासपत्रात परवानगीप्राप्त पत्त्यांची यादी चुकून रिक्त राहिली, तर दार सर्वांना बंद होईल किंवा सर्वांना खुले होईल. तेच साधन, तोच अभाव, आणि प्रयोजन बदलताच न्याय्य निकाल मात्र उलटा. ज्या साच्याला स्वतःचे प्रयोजन ठाऊक नाही त्याने एकाच नियमाने सर्व अभावांचा निकाल लावू नये, याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

दरम्यान साचा सर्व्हरवरून ब्राउझरमध्ये गेला, आणि त्याबरोबर काळाचे परिमाण आले. सर्व्हरवरील साचा भरला जाई तेव्हा माहिती आलेली असे. ब्राउझरमधील साचा आधी उभा राहतो आणि माहिती मागून येते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या अँग्युलर जेएस या चौकटीच्या कर्त्यांनी म्हणूनच आपल्या अभिव्यक्ती क्षमाशील ठेवल्या: सर्व्हरचे उत्तर यावयाचे असताना ग्राहकाच्या पत्त्यातील गाव मागितले तरी त्रुटी न होता जागा रिकामी राहते, आणि उत्तर येताच भरते. प्रागभावासाठी हे धोरण उचितच होते. परंतु उत्तर आले आणि त्यात गाव नव्हते, किंवा गुणधर्माचे नाव चुकले होते, तेव्हाही तीच क्षमा लागू झाली, आणि प्रतीक्षेची रिकामी जागा व कायमची रिकामी जागा यांत भेद उरला नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या रिअॅक्टने दुसरी बाजू घेतली. तीत साचा म्हणजे साक्षात जावास्क्रिप्ट, म्हणून नसलेल्या ऑब्जेक्टचा गुणधर्म वाचला की कोसळणे अटळ. आणि २०१७ च्या सोळाव्या आवृत्तीपासून, कोणी ती त्रुटी वाटेत अडविली नाही तर सबंध घटकवृक्षच पडद्यावरून काढून टाकला जाऊ लागला. या कठोर निर्णयाचे समर्थन करताना रिअॅक्टच्या चमूने सांगितलेले कारण मननीय आहे: पैशाच्या व्यवहाराच्या पृष्ठावर काहीच न दिसण्यापेक्षा चुकीची रक्कम दिसणे अधिक वाईट.

पायरीपायरीने होणारी ही पडझड टाळण्यासाठी भाषांनी एक चिन्ह शोधले. प्रश्नचिन्ह आणि बिंदू यांची जोडी, जिचा अर्थ असा की डावीकडे काही असेल तरच पुढे जा, नसेल तर शांतपणे अभावच परत दे. ग्रूव्ही भाषेत, जेरेमी अॅश्केनास यांच्या कॉफीस्क्रिप्टमध्ये, २०१५ च्या सी शार्प ६ मध्ये, थोड्याफार फरकाने रूबी २.३ मध्ये असा प्रवास करीत हे चिन्ह २०२० साली अधिकृत जावास्क्रिप्टमध्ये आले, आणि त्याच वर्षी, थोड्या निराळ्या लेखनाने, पीएचपी ८.० मध्येही. त्याच्या जोडीने दोन प्रश्नचिन्हांचे चिन्ह आले, जे केवळ खऱ्या अभावाच्या वेळीच पर्यायी मूल्य देते. जुन्या पद्धतीत शून्य आणि रिक्त अक्षरमाला यांनाही अभाव समजून बाजूस सारले जाई आणि शून्य शिल्लक असलेल्या खात्याला शिल्लक माहीत नाही असे दाखविले जाई, तो प्रमाद यामुळे टळला. या चिन्हांनी कारागिराचे श्रम वाचले, हे निःसंशय. परंतु ज्याला उणिवेचे कारण शोधण्यास सवड नाही त्याच्या हाती हे चिन्ह म्हणजे सर्वत्र उधळण्याची मुभा झाली. आणि जेथे पत्ता असलाच पाहिजे तेथेही प्रश्नचिन्ह घालून पत्त्याचा अभाव निमूटपणे पोटात घातला जाऊ लागला. चिन्ह अभाव सहन करते. तो सहन करण्याजोगा आहे की नाही, हे ठरविण्याचे काम माणसाकडेच उरते.

खरा पालट प्रकारांच्या शिस्तीने घडविला. होअर यांचा १९६५ चा हेतू, म्हणजे निर्देशाची सुरक्षितता कंपायलरने पाहावी, हा एमएल आणि हॅस्केल या भाषांच्या परंपरेत जिवंत राहिला होता. तेथे ‘असेल किंवा नसेल’ असे मूल्य हा वेगळाच प्रकार असतो आणि दोन्ही शक्यतांचे उत्तर दिल्यावाचून ते उघडता येत नाही. वेबच्या कारागिरांपर्यंत ही शिस्त प्रामुख्याने, जावास्क्रिप्टला प्रकारांची तपासणी जोडणाऱ्या टाइपस्क्रिप्ट या भाषेतून आली. २०१६ च्या टाइपस्क्रिप्ट २.० ने, मागणी केल्यास, नल व अनडिफाइन्ड यांना प्रत्येक प्रकारातून बाहेर काढून स्वतंत्र प्रकार दिले. २०२० च्या अँग्युलर ९ ने साच्यांतील अभिव्यक्तींनाही कडक प्रकारतपासणीखाली आणण्याची सोय केली. आणि २०२१ च्या टाइपस्क्रिप्ट ४.४ ने गुणधर्म मुळातच नसणे आणि गुणधर्म असून त्याचे मूल्य अनडिफाइन्ड असणे हा भेदही तपासण्याची तरतूद दिली. हा भेद केवळ काथ्याकूट नव्हे, हे २०१४ च्या आरएफसी ७३९६ या इंटरनेट-मानकावरून कळते. जेसन या माहितीच्या लेखनपद्धतीत दुरुस्ती पाठविण्याच्या त्यातील पद्धतीनुसार, जो गुणधर्म पाठविला नाही तो जसाच्या तसा राहतो, आणि ज्याच्या जागी नल पाठविले तो खोडला जातो. न बोलणे म्हणजे जैसे थे, आणि नल बोलणे म्हणजे पुसून टाक; या दोहोंची गल्लत करणारा प्रोग्राम ग्राहकाचा पत्ता त्याच्या नकळत नष्ट करील.

हे सारे दूरदेशीचे प्रकरण आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या एका अलीकडील निर्णयाकडे पाहावे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत प्रथम बालकाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम ठेवण्याचा हा निर्णय, सामाजिक न्यायाच्या दृष्टीने जितका स्वागतार्ह, तितकाच साच्यांच्या दृष्टीने बोधप्रद आहे. नावाच्या ऑब्जेक्टला आईचे नाव हा एक नवा गुणधर्म लाभला. पण त्या दिवसापूर्वी जन्मलेल्या कोट्यवधींच्या नोंदींत नावाचा घटक म्हणून तो नाही, आणि तेथे त्याचे नसणे हा कोणाचा प्रमाद नाही. त्या दिवसानंतर जन्मलेल्या बालकाच्या नोंदीत तो नसेल, तर मात्र ती उणीव आहे, आणि कोणीतरी तिचा जाब दिला पाहिजे. एकच साचा या दोन्ही नोंदी छापणार. त्याने दोन्ही ठिकाणी मौन धरले तर निर्णयाची अंमलबजावणी कोठे झाली नाही हे कधीच कळणार नाही. आणि दोन्ही ठिकाणी त्रुटी उठविली तर निर्दोष जुन्या नोंदींचे दाखले अडून बसतील. कोणता अभाव कोणत्या जातीचा, हे जन्मतारीख पाहूनच ठरते, आणि हे ठरविण्याचे स्थान साचा नव्हे, नोंदीची रचना करणारा विभाग होय.

या साठ वर्षांच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष म्हणूनच मौन आणि कठोरता यांपैकी एकाची बाजू घेण्याचा नाही. व्हेलॉसिटीने उणिवेला नाव दिले, फ्रीमार्करने साच्याच्या लेखकाकडून उत्तर मागितले, जिंजाने अभावाला स्वभाव दिला, टाइपस्क्रिप्टने तोच प्रश्न प्रोग्राम चालण्याच्या आधी विचारला. आणि यांतील प्रत्येक सुधारणेने निर्णयाची जागा वाचकाच्या पडद्यापासून थोडी मागे, जाणत्या माणसाच्या टेबलाकडे सरकविली. कॉड यांनी मागितलेल्या दोन खुणा विदासंचयांनी नाकारल्या असल्या, तरी त्यांची गरज सरलेली नाही. जो कोणी आज एखाद्या ऑब्जेक्टची रचना करील, त्याने प्रत्येक गुणधर्मापाशी तीन प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावीत: हा नसू शकतो काय, नसेल तर त्याचा अर्थ काय, आणि त्या अर्थाला वाचकापुढे कोणत्या शब्दांत मांडावे. ही उत्तरे उगमापाशीच नोंदलेली असतील, तर ‘किंमत अद्याप जाहीर नाही’, ‘पत्ता कळविलेला नाही’ आणि ‘लागू नाही’ अशी तीन निरनिराळी वाक्ये साचा योग्य ठिकाणी निष्ठेने छापील, आणि रिकाम्या जागेचा अर्थ लावण्याची जबाबदारी वाचकावर पडणार नाही. ज्याच्या नावाची नोंद आहे त्या माणसाचा एवढा हक्क मानणे, हे या व्यवसायाचे पहिले कर्तव्य आहे.